गाठ एकीकडे, दुखणे भलतीकडे

पॅरिसच्या ओतेल-द्यू रुग्णालयातले नावाजलेले वैद्य आर्मां त्रुसो यांनी १८६५ मध्ये छापलेल्या एका व्याख्यानात विद्यार्थ्यांना निदानाची एक खूण सांगितली होती. पोटाचे दुखणे साधे की कर्करोगाचे याचा उलगडा होत नसेल आणि अशातच हाताच्या किंवा पायाच्या शिरेत रक्त गोठून सूज आली, तर कर्करोगच समजावा. १८६७ उजाडले आणि ही खूण त्यांच्याच अंगावर उमटली. आता आपले काही खरे नाही, हे त्यांनी शिष्याला सांगून टाकले. त्याच वर्षी २३ जूनला पोटातल्या कर्करोगानेच ते गेले.

गाठ शिरेपर्यंत पसरलेली नव्हती. मग रक्त तिथे का गोठले? कर्करोग जागच्या जागी असताना त्यातून स्रवणारी द्रव्ये, किंवा त्याच्यावर चालून गेलेली प्रतिकारशक्ती, शरीरात दूर कुठे तरी उत्पात घडवते. या विकारांना आज पॅरानिओप्लास्टिक सिंड्रोम म्हणतात. त्रुसोंच्या हाती फक्त खूण होती. कारण सापडायला पुढचे शतक लागले.

बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये १९४१ साली मूत्रपिंडाच्या कर्करोगाचा एक रुग्ण चर्चेला आला. त्याच्या रक्तात कॅल्शियम बेसुमार वाढले होते. रोग हाडात उतरला होता, तेव्हा हाड झिजून कॅल्शियम रक्तात येत असणार, हे उत्तर समोरच होते. तिथले वैद्य फुलर ऑलब्राइट यांना ते पटेना. हाड विरघळत असेल तर फॉस्फेटही वाढायला हवे. इथे तर ते घटलेले. गळ्यातल्या पॅराथायरॉइड ग्रंथींचे हार्मोन जास्त झाले की नेमके असेच होते. म्हणजे गाठच तसले काही तरी बनवत असावी, असा तर्क त्यांनी लढवला. ते ‘काही तरी’ म्हणजे एक प्रथिन; ते हाती लागले १९८७ मध्ये.

कॅल्शियम असे वाढले की घरच्यांना मात्र रुग्ण बरळतो आहे, सारखे पाणी मागतो आहे, झापडीत आहे एवढेच दिसते, आणि ते आशा सोडतात. सलाइन आणि हाडांची झीज रोखणारी औषधे देऊन कॅल्शियम उतरवले, तर तोच रुग्ण पुन्हा नीट बोलू लागतो.

मेंदूवरचा हल्ला अधिक क्रूर. बीजांडकोशाच्या किंवा स्तनाच्या कर्करोगात कधी कधी गाठीविरुद्ध तयार झालेली प्रतिकारशक्ती लहान मेंदूवरच उलटते. काही आठवड्यांत बाईचा तोल जातो, जीभ अडखळते, पेला ओठांपर्यंत नेताना पाणी सांडते. गाठीचा पत्ता कित्येकदा त्यानंतर लागतो. ती काढली तरी मेलेल्या पेशी परत येत नाहीत.

२००७ मध्ये मेंदूविकारतज्ज्ञ जोसेप दालमाउ आणि सहकाऱ्यांनी बारा स्त्रियांची हकीकत प्रसिद्ध केली. भास, भ्रम, झटके, मग बेशुद्धी. बाराही जणींना टेराटोमा नावाची गाठ होती, अकरा जणींना बीजांडकोशात. इथे प्रतिपिंडे मेंदूतल्या पेशींना मारत नाहीत, त्यांच्यावरचे संदेश टिपणारे ग्राहक (रिसेप्टर) तेवढे निकामी करतात. त्यामुळे गाठ काढून प्रतिकारशक्तीला आवर घातला की बऱ्याच जणी सावरतात. म्हणूनच एखाद्या तरुणीला अचानक वेडाचे झटके येऊ लागले आणि या आजाराची शंका आली, तर डॉक्टर आता तिच्या ओटीपोटाचीही तपासणी करून घेतात.