अग्निशामकांची निगा, व्यवसायगृहांतील

आगीच्या प्रारंभीच ती विझविण्यासाठी एका व्यक्तीस उचलून वापरता येईल अशा साधनास सुवाह्य अग्निशामक म्हणतात. कार्यालये, दुकाने, गोदामे इ. व्यवसायगृहांत ते भिंतीवर टांगलेले असते व बहुधा वर्षानुवर्षे वापरले जात नाही. प्रसंग आल्यावर मात्र ते काही सेकंदांत कार्यान्वित व्हावे लागते. त्यामुळे त्याची उपयुक्तता रचनेइतकीच निगेवरही अवलंबून असते. या साधनाचा इतिहास सु. तीन शतकांचा आहे. परंतु ते केवळ बसविणे पुरेसे नाही, ही जाणीव कायद्यात व मानकांत उतरण्यास त्यांतील बराच काळ लोटला.

लंडन येथील रसायनज्ञ अँब्रोझ गॉडफ्री यांनी १७२३ मध्ये या प्रकारच्या एका साधनाचे एकस्व घेतले. अग्निशामक द्रवाच्या पिंपात बंदुकीच्या दारूची डबी ठेवून तिच्या स्फोटाने द्रव आगीवर उधळला जाई. अशा साधनाची पूर्वपरीक्षा करणे शक्य नव्हते. आधुनिक अग्निशामकाचा आरंभ जॉर्ज विल्यम मॅन्बी या इंग्रज संशोधकाच्या साधनापासून मानतात. एकोणिसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात त्यांनी तांब्याच्या पात्रात ३ गॅलन (सु. १३·६ लि.) पोटॅशियम कार्बोनेटाचा विद्राव संपीडित हवेच्या दाबाखाली भरला होता. दाब टिकून राहिला, तरच ते साधन उपयोगी पडे.

ही अडचण सोडा-अम्ल अग्निशामकाने दूर केली. फ्रान्समध्ये फ्रांस्वा कार्लिए यांनी १८६६ मध्ये सोडियम बायकार्बोनेट व टार्टारिक अम्ल यांवर आधारलेल्या साधनाचे एकस्व घेतले. पुढे सल्फ्यूरिक अम्लाचा वापर रूढ झाला. पात्रात सोड्याचा विद्राव व वरच्या बाजूस अम्लाची काचेची कुपी असे. पात्र उलटे करताच दोहोंचा संयोग होऊन कार्बन डाय-ऑक्साइड वायू निर्माण होई व त्याच्या दाबाने द्रवाची धार बाहेर पडे. हे साधन स्वस्त व सुटसुटीत असल्याने इमारतींत सर्वत्र पसरले. मात्र त्यात एक गंभीर दोष होता. नुसते टांगलेले असताना पात्रात दाब नसल्यामुळे आतून गंजलेला पत्रा, सैल झालेले डाखकाम किंवा बुजलेली तोटी बाहेरून लक्षात येत नसे. पूर्ण दाब प्रथम निर्माण होई तो वापरणाऱ्याच्या हातात, आणि एकदा सुरू झालेली विक्रिया थांबविता येत नसे. अशी पात्रे फुटून आग विझविण्यास धावलेल्या व्यक्तीच दगावल्याच्या घटना घडल्या. वर्षातून एकदा पात्र रिकामे करून आतून पाहणे व नवा विद्राव भरणे, हा नियम कटाक्षाने पाळणे म्हणूनच आवश्यक होते. अमेरिकेत अशा उलट्या करावयाच्या पात्रांचे उत्पादन १९६९ मध्ये बंद झाले. डाखलेल्या वा रिव्हेट मारलेल्या पत्र्याची अशी अग्निशामके मालकांनी १ जानेवारी १९८२ पर्यंत कामाच्या ठिकाणांहून काढून टाकावीत, असे तेथील संघीय नियमांनी ठरविले.

विजेच्या उपकरणांवर पाण्याचा मारा धोकादायक असतो. त्यासाठी अमेरिकेत १९११ च्या सुमारास कार्बन टेट्राक्लोराइडाचे पितळी हातपंप प्रचारात आले. परंतु तापलेल्या वस्तूंवर त्या द्रवापासून फॉस्जीन हा विषारी वायू निर्माण होत असल्याने ते कालांतराने त्याज्य ठरले. १९२४ मध्ये वॉल्टर किडी यांच्या कंपनीने दूरध्वनी केंद्रांतील स्विचफलकांसाठी कार्बन डाय-ऑक्साइडाचे सुवाह्य अग्निशामक तयार केले. नंतर कोरड्या रासायनिक चूर्णाची साधने रूढ झाली.

प्रत्येक प्रकाराची निगा त्याच्या कार्यपद्धतीनुसार ठरते. कार्बन डाय-ऑक्साइडाच्या नळकांड्यावर सामान्यतः दाबमापक नसतो, कारण द्रवरूप वायू शिल्लक असेपर्यंत दाबावरून त्याचे प्रमाण कळत नाही. म्हणून त्याचे वजन करतात व १० टक्क्यांहून अधिक घट आढळल्यास ते पुन्हा भरून घेतात. कायम दाबाखाली असलेल्या चूर्ण-अग्निशामकाचा काटा हिरव्या पट्ट्यात असला, तरी आतील चूर्णाच्या गुठळ्या झाल्या आहेत किंवा काय, हे त्यावरून समजत नाही. त्यासाठी ठराविक काळाने पात्र उघडावेच लागते. पात्राची मजबुती जलदाब परीक्षेने अजमावतात. याखेरीज साधन जागेवर आहे, समोर कपाट वा सामान आलेले नाही, सुरक्षापीन व मोहोर शाबूत आहेत, एवढे पाहण्यास तंत्रज्ञाची गरज नसते. अमेरिकेच्या १९८० च्या नियमांनी अशी पाहणी दरमहा व संपूर्ण तपासणी दरवर्षी आवश्यक केली.

भारतात अग्निशामकांची निवड, मांडणी व निगा यांविषयीची आयएस २१९० ही मानक संहिता १९६२ मध्ये प्रथम प्रसिद्ध झाली व पुढे तीत वेळोवेळी सुधारणा झाल्या. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ याने मालकावर किंवा भोगवटादारावर ही साधने सुस्थितीत व कार्यक्षम राखण्याची जबाबदारी टाकली आणि तसे परवानाधारक अभिकरणाचे प्रमाणपत्र जानेवारी व जुलै महिन्यांत सादर करण्याची तरतूद केली. साधन बसविण्याचे कर्तव्य अशा रीतीने ते चालू ठेवण्याच्या कर्तव्यापर्यंत विस्तारले. तथापि साधनावरील चिठ्ठीत तारीख नोंदविणे म्हणजे तपासणी नव्हे. पात्र न उघडता व वजन न करता केलेली नोंद सोडा-अम्ल पात्राच्या बाह्य चकाकीइतकीच फसवी ठरू शकते.