गाठ कोणती मारावी?

मराठीत गाठीचे दोन प्रकार सांगतात, सुरगाठ आणि निरगाठ. एक टोक ओढले की सुटते ती सुरगाठ, आणि नखे झिजली तरी सुटत नाही ती निरगाठ. सह्याद्रीतल्या एका कड्याखाली पहिल्यांदा दोर बांधून उभा राहिलो, तेव्हा यातली कोणती हवी हे मला सांगता आले नसते. पडलो तर ती निरगाठ असावी आणि वर पोहोचलो की सुरगाठ व्हावी, अशी काहीशी अपेक्षा होती. पुढे वाचत गेलो तेव्हा कळले, की कडे चढणारी माणसे कितीतरी पिढ्या याच पेचात आहेत.

१४ जुलै १८६५ रोजी एडवर्ड व्हिम्परच्या तुकडीने आल्प्समधले मॅटरहॉर्न सर केले. उतरताना एकाचा पाय घसरला आणि चौघे दरीत गेले. व्हिम्पर आणि दोघे टाउगवाल्डर पितापुत्र वाचले, ते मधला दोर तुटला म्हणून. तो तुकडा झेरमाटच्या संग्रहालयात जपून ठेवला आहे. गाठ सुटली नव्हती. तुटला तो बरोबर नेलेल्या दोरांपैकी सर्वांत कमजोर दोर. त्या काळी काळजी दोराचीच होती.

गाठ म्हणाल तर कमरेभोवती पुढे रूढ झाली ती बोलाइन. ती मूळची खलाशांची. कॅप्टन जॉन स्मिथच्या १६२७ सालच्या नाविकांसाठीच्या पुस्तकात तिचे वर्णन आहे. हेम्प किंवा मनिलाच्या खरखरीत दोरात ती घट्ट बसते आणि कितीही ताण आला तरी नंतर हाताने मोकळी होते. म्हणजे अगदी माझ्या मागणीबरहुकूम!

दुसऱ्या महायुद्धानंतर नायलॉनचा दोर सर्वत्र पसरला. १९५३ मध्ये एडेलरिड या जर्मन कंपनीने आत गाभा आणि वर विणलेले आवरण असा दोर आणला. तो ताणला जातो, पडणाऱ्याला अलगद झेलतो. पण गुळगुळीत असतो. ताण नसताना नुसत्या हालचालीने बोलाइन त्यात सैल पडू लागली.

दुसरी अडचण कमरेची. नुसत्या कमरेवर लटकणाऱ्याचा श्वास थोड्याच वेळात कोंडतो. १९७० च्या अन्नपूर्णेच्या दक्षिण भिंतीवरील मोहिमेसाठी डॉन व्हिलन्सच्या कल्पनेतून मांड्यांना आधार देणारा हार्नेस तयार झाला. हार्नेसबरोबर 'फिगर ऑफ एट' रुळली. दोरात आधी इंग्रजी आठच्या आकड्यासारखी गाठ मारायची, टोक हार्नेसमधून ओवायचे आणि आल्या वाटेने परत फिरवायचे. जोरात पडल्यावर ती अशी आवळते, की सोडवताना बोटे सोलवटतात. बोलाइनचे भक्त आजही तिला यावरून नावे ठेवतात, आणि ते खोटे नाही.

पण १९८९ मधली फ्रान्समधल्या ब्यूची गोष्ट ऐका. लिन हिल ही अमेरिकन आरोहक तेव्हा जगातल्या अव्वल आरोहकांपैकी एक होती. दोर हार्नेसमध्ये ओवला, तेवढ्यात बुटाची नाडी बांधायला ती वळली आणि गाठ पुरी करायची राहिली. वर पोहोचून तिने दोरावर भार टाकला, तर दोर सरळ निघून आला. ७० फुटांहून अधिक उंचीवरून ती कोसळली. झाडाच्या फांद्यांनी तिला वाचवले. चारच वर्षांनी तिने एल कॅपिटनची 'नोज' ही वाट हातापायांच्या बळावर चढून दाखवली, जे तोवर कोणालाच जमले नव्हते. अशा बाईची गाठ राहते, तिथे आपली काय कथा?

मला वाटते, गाठ किती भार सोसते यापेक्षा चुकलेली गाठ शेजारच्याला दिसते का, हा प्रश्न मोठा आहे. आमचे प्रशिक्षक चढाईआधी प्रत्येकाच्या पोटाशी वाकून दोराच्या जोड्या मोजायचे. एक, दोन, तीन, चार, पाच. पाच भरल्या की एट पुरी. एकदा मी ऐटीत बोलाइन मारून पुढे झालो. त्यांनी ती उलटसुलट करून पाहिली.

"बरोबर असेलही रे. पण मला पटकन कळत नाही. सोड ती."

मी सोडली आणि एट मारली.