मोटारीच्या मेंदूवर मालकी कोणाची?

मोटारीचा जोर वाढवण्याची हौस मोटारीइतकीच जुनी आहे. कार्ब्युरेटरचे जेट बदलावे, इग्निशनचे टायमिंग किंचित पुढे घ्यावे, एवढी विद्या पूर्वी कोणत्याही गॅरेजातील कुशल मिस्त्रीच्या हातात असे. आणि त्याने केलेला बदल मालकाच्या संमतीवाचून सहसा कोणी मोडीत नसे. आज मात्र सर्व्हिसिंगहून परत आलेल्या मोटारीविषयी मालकाला कधी कधी चमत्कारिक अनुभव येतो. गाडी धुतलेली असते, तेल बदललेले असते. परंतु पदरचे पैसे खर्चून वाढवलेली शक्ती तेवढी नाहीशी झालेली असते. कोणी चोरी केलेली नसते. कंपनीच्या आज्ञेप्रमाणे विक्रेत्याने गाडीच्या संगणकात नवी आज्ञावली भरलेली असते, इतकेच. हा पालट कसा घडून आला, याचा इतिहास मोठा उद्बोधक आहे.

या इतिहासाचा उगम वेगाच्या हव्यासात नसून धुराच्या बंदोबस्तात आहे. अमेरिकेने १९७० साली हवाशुद्धीचा कडक कायदा केला. १९७५ सालच्या गाड्यांपासून तेथे धूर शुद्ध करणारे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर सर्रास आले. पुढे आलेल्या सुधारित कन्व्हर्टरांना पेट्रोलच्या एका भागास हवेचे सुमारे १४.७ भाग, हे वजनी प्रमाण फार काटेकोर सांभाळावे लागे. ते काम कार्ब्युरेटरच्या आवाक्याबाहेरचे होते. सुदैवाने १९७१ साली इंटेल कंपनीने पहिला मायक्रोप्रोसेसर बाजारात आणला होता. १९७९ मध्ये बॉश कंपनीची मोट्रॉनिक यंत्रणा बीएमडब्ल्यूच्या मोटारीत बसली आणि इंधन व ठिणगी या दोहोंचा कारभार एकाच संगणकाकडे गेला. मोटारीला मेंदू लाभला तो असा.

या मेंदूची स्मृती पुष्कळदा ईप्रॉम नावाच्या चिपमध्ये असे. इंटेलमधील डोव्ह फ्रोमन यांनी १९७१ साली शोधलेल्या या चिपवरील मजकूर पुसायचा, तर तिच्या काचेच्या खिडकीतून अतिनील किरण सोडावे लागत. १९८० नंतरच्या काळात हौशी तंत्रज्ञ मूळ चिप उपटून आपली चिप बसवू लागले. तिच्यातील कोष्टके इंजिनाला अधिक इंधन व आधीची ठिणगी देत. विक्रेत्याला हा बदल दूर करायचा झाल्यास पेटी उघडून चिपच बदलावी लागे. तो लेख जणू दगडावर कोरलेला होता.

पुढे दगडाची पाटी झाली. तोशिबा कंपनीतील फुजिओ मासुओका यांनी १९८४ साली जगापुढे मांडलेली फ्लॅश स्मृती विजेच्या साहाय्याने जागच्या जागी पुसता येते व पुन्हा लिहिता येते. १९९६ च्या गाड्यांपासून अमेरिकेत प्रत्येक मोटारीला निदानासाठी ओबीडी-२ जातीचे ठरावीक जोडद्वार सक्तीचे झाले. कंपनी व हौशी तंत्रज्ञ हे दोघेही पुष्कळ गाड्यांत याच दारातून आत शिरू लागले. पाटी एक आणि लिहिणारे दोन. मग शेवटी लिहील त्याचे अक्षर टिकावे, हे ओघानेच आले. विक्रेत्याच्या मनात आकस नसला तरी नवी आज्ञावली भरताना जुनी कोष्टके पुसली जातात. यातून वाचण्यासाठी काहींनी निराळी पेटी योजली. ती संवेदकांच्या तारांत बसते व संगणकाला दाब प्रत्यक्षाहून कमी असल्याचे खोटेच सांगते. ती पुसली जात नाही हे खरे. पण सुधारलेल्या आज्ञावलीने आकडे अधिक बारकाईने ताडून पाहिले, तर हे खोटे उघडे पडते, इशाऱ्याचा दिवा लागतो आणि इंजिनाची शक्ती आपोआप आवरली जाते.

येथवर वाचून कंपनी शिस्तीची आणि हौशी माणूस लबाड, असा ग्रह होईल. पण १८ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने फोक्सवॅगनवर नोटीस बजावली, तेव्हा निराळेच सत्य बाहेर आले. चाचणी चालू आहे हे ओळखून तेवढ्यापुरता धूर स्वच्छ ठेवणारी आज्ञावली खुद्द कंपनीनेच गाड्यांत दडवली होती. जगभरातील अशा गाड्यांची संख्या सुमारे १ कोटी १० लाख होती. पुण्याच्या एआरएआय संस्थेने केलेल्या चाचण्यांनंतर, त्याच वर्षी डिसेंबरात, भारतातीलही सुमारे ३ लाख २३ हजार गाड्या आज्ञावली बदलण्यासाठी परत बोलावण्याचे कंपनीने जाहीर केले.

त्याच २०१५ साली अमेरिकेत लायब्ररी ऑफ काँग्रेसने, मोटारीच्या मालकाने दुरुस्तीसाठी वा कायदेशीर फेरफारासाठी तिची आज्ञावली उघडल्यास तो स्वामित्वहक्काचा भंग नव्हे, असा निर्णय दिला. मालकाचा हक्क असा मान्य झाला. पण त्यात 'कायदेशीर' हा शब्द महत्त्वाचा आहे. कारण त्याच देशाच्या पर्यावरण खात्याने २०२० साली काढलेल्या अंदाजानुसार, आधीच्या सुमारे दहा वर्षांत साडेपाच लाखांहून अधिक डिझेल पिकअप गाड्यांची धूरनियंत्रक यंत्रणा निकामी करण्यात आली होती. तो धूर मालकापुरता राहिला नाही. शेजाऱ्याच्या लेकरांच्या छातीतही गेला.

म्हणून व्यवहारापुरते पाहता, गाडी कार्यशाळेत देण्यापूर्वी आज्ञावली बदलणार काय, हे मालकाने लेखी विचारून घ्यावे आणि केलेला फेरफारही लपवू नये. संगणकातील आज्ञावलीचा पडताळा घेणारा आकडा विक्रेत्याच्या उपकरणाला बहुधा वाचता येतो. लपवलेली गोष्ट नेमकी वॉरंटीच्या वेळी उघडी पडते. नव्या आज्ञावलीत पुष्कळदा सदोष भागांवरचा उपायही असतो, तेव्हा ती सरसकट नाकारणेही शहाणपणाचे नाही. मोटार ज्याची त्याची असेल. पण तिच्या मागे उरणारी हवा सर्वांची असते. कंपनी असो वा मालक, मोटारीच्या मेंदूत काय लिहिले आहे हे ज्याला लपवावे लागते, त्याचा त्या मेंदूवरील हक्क तेवढाच दुबळा ठरतो.