सूतिकागारातील सोबत आणि शब्द

भारतातील प्रसूतिसेवेचा इतिहास सामान्यतः मृत्युदर, रुग्णालये आणि प्रशिक्षण यांच्या आधारे लिहिला जातो. बाळंतिणीजवळ कोणी असावे आणि तिच्याशी कोणत्या शब्दांत बोलावे, हा प्रश्न त्यात दुय्यम ठरतो. भिन्न काळांतील व भाषांतील काही संहिता शेजारी ठेवून या प्रश्नाचा मागोवा घेणे, हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

चरकसंहितेच्या शारीरस्थानातील आठव्या अध्यायात सूतिकागाराची सविस्तर व्यवस्था सांगितली आहे. वेणा सुरू झाल्यावर स्त्रीभोवती अनेकदा प्रसूत झालेल्या, स्नेहशील व कुशल स्त्रिया असाव्यात आणि त्यांनी प्रिय वचनांनी तिला धीर द्यावा, असा निर्देश तेथे येतो. वेणा नसताना कुंथू नये, ही सूचनाही त्याच ओघात आहे. सांत्वन हे येथे उपचाराला जोडलेले सौजन्य नसून उपचाराचाच भाग आहे. अर्थात यावरून सुवर्णयुगाची कल्पना करणे योग्य नव्हे. याच अध्यायात पुत्रप्राप्तीची आस ठळक आहे. शिवाय सोयर पाळणाऱ्या समाजात नाळ कापण्याचे काम, विशेषतः उत्तर भारतात, बहुधा अस्पृश्य मानलेल्या जातींतील दाईंकडे सोपवले गेले. जिच्या हातावर बाळंतिणीचा जीव अवलंबून, तिचाच स्पर्श विटाळाचा ठरला.

१८८५ मध्ये डफरिन फंडाची स्थापना झाली. पुढच्याच वर्षी आनंदीबाई जोशी यांनी पेनसिल्व्हानियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयात आर्य हिंदूंच्या प्रसूतिशास्त्रावरील प्रबंध सादर केला. लहान वयात झालेले मूल त्यांनी काही दिवसांतच गमावले होते. स्वदेशीय परंपरा हा अभ्यासाचा विषय होऊ शकतो, हे त्या प्रबंधाने गृहीत धरले.

वसाहतकालीन अहवालांची भूमिका निराळी होती. दाईंच्या प्रशिक्षणासाठी १९०३ मध्ये सुरू झालेल्या व्हिक्टोरिया मेमोरियल स्कॉलरशिप फंडाने १९१८ मध्ये भारतातील प्रसूतीच्या परिस्थितीवर अहवाल प्रसिद्ध केला. त्यातील निवेदने दाईच्या अस्वच्छतेवर व अज्ञानावर केंद्रित आहेत. जंतुसंसर्गाची भीती खरी होती; परंतु या कथनात दाई आरोपी होते, बाळंतीण पीडित देह होते आणि दोघींपैकी कोणीही स्वतः बोलत नाही. कॅथरिन मेयो यांनी ‘मदर इंडिया’मध्ये (१९२७) हीच सामग्री वापरली, तेव्हा त्या मौनाचे साम्राज्यवादी प्रयोजनही उघड झाले.

हे मौन मोडण्याचा एक लक्षणीय प्रयत्न उर्दूत आढळतो. दिल्लीच्या लेडी हार्डिंज वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेल्या डॉ. रशीद जहाँ यांची ‘पर्दे के पीछे’ ही एकांकिका ‘अंगारे’ (१९३२) या संग्रहात आहे. वारंवारच्या बाळंतपणांनी खचलेली मुहम्मदी बेगम दुसऱ्या स्त्रीजवळ आपली कहाणी सांगते. अहवालातला देह येथे वक्ता होतो. मार्च १९३३ मध्ये संयुक्त प्रांताच्या सरकारने हा संग्रह जप्त केला. हुगळी-चिनसुरा येथील डफरिन रुग्णालयात काम केलेल्या हेमवती सेन यांच्या बंगाली आठवणी तर त्यांच्या मृत्यूनंतर (१९३३) अनेक दशके हस्तलिखितातच राहिल्या. इंग्रजी अनुवाद २००० मध्ये आला. दाईचे आत्मकथन मात्र या संहितांमध्ये नाही.

रुग्णालयाने जंतुसंसर्गाविरुद्ध मोठे कार्य केले. पण बाळंतिणीची सोबतीण बहुधा दाराबाहेरच राहिली. २०१६ मध्ये केंद्र शासनाने सार्वजनिक रुग्णालयांत प्रसूतीच्या वेळी सोबतीस अनुमती दिली. २०१७ च्या ‘लक्ष्य’ उपक्रमात प्रसूतिकक्षाच्या गुणवत्तेसह सन्मानपूर्वक वागणुकीचा समावेश झाला; २०१८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेही स्त्रीने निवडलेल्या सोबतीची शिफारस केली.

तथापि सन्मान केवळ तपासणीसूचीने येत नाही. बाळंतिणीचा सन्मान आणि तिची सेवा करणारीचा सन्मान हे परस्परावलंबी आहेत, हे या संहितांच्या तौलनिक वाचनातून दिसते. एकीला मूक ठेवून दुसरीला बोलते करता येत नाही.