लघुउद्योगाचे संकेतस्थळ ग्राहकाला सापडावे कसे?

मध्य प्रदेशात जबलपूरजवळ, नर्मदाकाठच्या भेडाघाट येथे संगमरवरी मूर्ती व शोभेच्या वस्तू घडविल्या जातात. धुवांधार धबधबा पाहून परतलेल्या पर्यटकाला घरून पुन्हा मागणी नोंदवायची असल्यास कारागिराचे संकेतस्थळ शोधयंत्रावर सापडणे आवश्यक ठरते.

शोधयंत्र प्रामुख्याने पानावरील मजकूर वाचते. त्यामुळे वस्तूचे नाव, माप, वजन, किंमत व पत्ता केवळ छायाचित्रात न देता मजकुरात द्यावा. प्रत्येक वस्तूसाठी स्वतंत्र पान व नेमके शीर्षक असावे. शहराचे नाव मराठीत ‘जबलपूर’, तर हिंदीत ‘जबलपुर’ असे लिहितात. दोन्ही भाषांतील पाने ठेवल्यास दोन्ही ग्राहकांना ती सापडू शकतात.

एकच शब्द वारंवार पेरल्याने लाभ होत नाही. पानाच्या संकेतलेखनात दडवलेली ‘कीवर्ड’ यादी क्रमवारीसाठी विचारात घेत नसल्याचे गूगलने २००९ मध्येच स्पष्ट केले होते.

छायाचित्रांचा आकार मर्यादित ठेवल्यास पान मोबाइलवर लवकर उघडते. गूगल नकाशावर दुकानाची नोंद विनामूल्य करता येते. देवनागरीतील ‘.भारत’ हा पत्ताही २०१४ पासून उपलब्ध आहे. दगड कोणता, तो कसा कोरला जातो आणि मूर्ती सुरक्षित कशी पोहोचेल, याची माहिती दिल्यास ग्राहकाचा विश्वास वाढतो.