शक्तिमानची ओळख

हिरव्या रंगाचा, पुढे लांब बॉनेट असलेला जुना लष्करी ट्रक कोठे उभा दिसला, की जबलपुरात त्याला सहजच ‘शक्तिमान’ म्हटले जाते. पुष्कळदा ही ओळख चुकीची ठरते. लिलावात घेतलेला असा ट्रक पुन्हा चालता करू पाहणाऱ्यास या चुकीची किंमत मोजावी लागते. कारण वाहन नेमके कोणते हे निश्चित झाल्यावाचून त्याचा एकही सुटा भाग शोधता येत नाही. ज्या शहरात हे ट्रक घडले, त्या शहरातही हा प्रश्न आता सोपा राहिलेला नाही.

जबलपूरची गन कॅरेज फॅक्टरी १९०४ सालची. तोफांचे गाडे बनविणे हे तिचे मूळ काम. मध्य प्रांत व वऱ्हाडाची राजधानी नागपूर असल्याने कारकुनी, शिक्षकी आणि रेल्वेच्या निमित्ताने मराठी कुटुंबे नर्मदेच्या या प्रदेशात आली, तशीच कारखान्यांच्या निमित्तानेही आली. मदन महल, राइट टाउन, गोल बाजार या भागांतील घरांना फॅक्टरीची नोकरी आणि तिचा भोंगा परका नव्हता.

स्वातंत्र्यानंतर सैन्याकडे दुसऱ्या महायुद्धातून उरलेली ब्रिटिश, अमेरिकन व कॅनेडियन बनावटीची वाहने मोठ्या प्रमाणावर होती. ती जुनी होत चालली आणि त्यांचे सुटे भाग मिळेनासे झाले. या अडचणीवर उपाय म्हणून कृष्ण मेनन संरक्षणमंत्री असताना पश्चिम जर्मनीतील ‘मान’ कंपनीशी परवाना करार झाला आणि १९५९ साली गन कॅरेज फॅक्टरीतून शक्तिमान बाहेर पडू लागला. मेनन यांच्या कारकिर्दीत आयुध निर्माण्यांत कॉफीची यंत्रे बनतात, अशी टीका पुष्कळ झाली. ट्रकची आठवण त्या मानाने कमी लोकांनी ठेवली. ‘मान’ हे नाव ऑग्सबर्ग आणि न्यूरेंबर्ग या दोन गावांच्या कारखान्यांवरून आलेले आहे, आणि त्यांतील ऑग्सबर्गच्याच कारखान्यात १८९३ ते १८९७ या काळात रुडॉल्फ डिझेलने आपले इंजिन सिद्ध केले होते. त्या घराण्याचे सहा सिलिंडरचे इंजिन जबलपुरात जोडले जाऊ लागले, ही लहान गोष्ट नव्हती. काम वाढल्यावर १९६९ साली स्वतंत्र व्हेईकल फॅक्टरी उभी राहिली. शक्तिमानच्या जोडीला निसान कंपनीच्या परवान्याने एक टनी ट्रक आणि जोंगा ही वाहनेही शहरात बनत होती. ‘जोंगा’ हा शब्द ‘जबलपूर ऑर्डनन्स अँड गन कॅरेज असेंब्ली’ या नावातील अक्षरे जुळवून केलेला आहे, हे खुद्द जबलपूरच्या नव्या पिढीला सांगावे लागते.

ओळखीची सुरुवात त्यामुळे रंगापासून करून चालत नाही. टाटा-मर्सिडीजचे ट्रकही बॉनेटवालेच होते आणि हिरवा रंग कोणालाही देता येतो. आधी पाहावी लागते ती नावाची पट्टी, पण ती बहुधा निघून गेलेली असते. मग चौकटीवर ठोकलेला चॅसिस क्रमांक, इंजिनाच्या ओतीव भागावर उठलेले अंक, आणि पुढचा आस. शक्तिमानची चारही चाके ओढ देणारी, त्यामुळे पुढच्या आसाच्या मधोमध डिफरन्शियलचा फुगवटा असतो. तेवढ्याने निकाल लागत नाही, कारण चारही चाकांना ओढ असलेली इतर लष्करी वाहनेही आहेत. परंतु फुगवटा नसेल तर पुढे पाहण्याचे कारण उरत नाही. जुन्या रंगाचे थर हलक्या हाताने खरवडले तर कधी कधी लष्करी क्रमांक सापडतो. त्यात वर टोक केलेला बाण आणि त्यापुढे वर्षाचे दोन अंक असतात. ते दोन अंक मिळाले की अर्धे काम झाले.

सुट्या भागांच्या बाबतीत जोंगा भाग्यवान ठरला. त्याचे मूळ निसान पेट्रोल ६० या गाडीत आहे आणि ही गाडी जगभर गेली. १९६२ साली ऑस्ट्रेलियातील सिम्प्सन वाळवंट प्रथम ओलांडणारे मोटार वाहन निसान पेट्रोलच होते. त्या देशात आजही तिचे चाहते आहेत, त्यामुळे जोंगाच्या इंजिनाचे अनेक भाग दुसऱ्या नावाने का होईना, मिळतात. मूळ कूळ कळणे म्हणजे काय, हे येथे दिसते.

शक्तिमानचे तसे नाही. त्याची संख्या भारतातच मोठी. बाहेर त्याला फारसे भाऊबंद नाहीत. बेअरिंगची अडचण येत नाही, कारण बेअरिंगवरचे क्रमांक आंतरराष्ट्रीय असतात आणि ते वाचता आले तर जोडीचा भाग कोणत्याही मोठ्या बाजारात मिळतो. ऑइल सीलचे आतले माप, बाहेरचे माप आणि जाडी घेतली की तेही भागते. ब्रेकचे रबरी वायसर, होज, बुश मापावर करून घेता येतात. खरी अडवणूक होते ती ट्रान्स्फर केस आणि पुढच्या आसाच्या दातेरी चाकांपाशी. ही चाके या ट्रकशिवाय दुसऱ्या कोठे बसत नाहीत. दात मोजून, माप घेऊन, योग्य पोलाद निवडून आणि उष्णता देऊन ती नव्याने करावी लागतात, किंवा दुसरा मोडका शक्तिमान शोधून त्यातून काढावी लागतात. शक्तिमानचे उत्पादन १९९० च्या दशकात थांबले आणि त्या दशकाच्या अखेरीपासून त्याच व्हेईकल फॅक्टरीत स्टॅलियन व टाटाचा एलपीटीए हे सपाट तोंडाचे ट्रक जुळू लागले. तेव्हापासून सैन्यातून निघालेले शक्तिमान लिलावात वजनाच्या भावाने गेले. एकेक ट्रक वितळला तसा सुट्या भागांचा एकेक साठा संपला.

कायद्याचीही फारशी मदत नाही. केंद्र सरकारने २०२१ साली जुन्या वाहनांच्या नोंदणीसाठी ‘व्हीए’ ही खास मालिका सुरू केली, पण ती पन्नास वर्षांवरील, खासगी वापराच्या दुचाकी व चारचाकी वाहनांपुरती. मालवाहू ट्रक त्या चौकटीत बसत नाही. मोटारींच्या कौतुकात ट्रकचा विसर पडावा, हे नेहमीचेच.

उरतो तो माणसांचा आधार. १९६९ साली विशीत रुजू झालेला कारागीर आज पंचाहत्तरी ओलांडून गेला आहे. कोणत्या वर्षी कोणता भाग बदलला, कोणता बोल्ट उलट्या आट्याचा, कोणती गॅस्केट बसविताना काय सांभाळायचे, हे पुष्कळसे त्याच्या हातांना ठाऊक असते, कागदावर नसते. जे कागदावर होते ते पार्ट्स कॅटलॉग आणि दुरुस्तीची पुस्तके निवृत्तीनंतर घरी आली, माळ्यावर गेली आणि घर बदलताना रद्दीत निघाली. अशा एखाद्या कॅटलॉगचे एक पान, ज्यावर ट्रान्स्फर केसचे सर्व भाग सुटे करून काढलेले असतात आणि प्रत्येकासमोर क्रमांक असतो, ते रद्दीवाल्याकडे पावशेराच्या भावानेही जात नाही. शक्तिमान उभा करू पाहणाऱ्याचे मात्र त्या पानावाचून महिनोन्महिने अडून राहते.