बंदुकीचा परवाना आणि आसनाचे तिकीट

जबलपुरास बदली होऊन आलेल्या मराठी अधिकाऱ्यास पहिल्या वर्षभरातच दोन स्थळांचे यजमानपद पत्करावे लागते. एक भेडाघाटच्या संगमरवरी खडकांचे आणि दुसरे कान्ह्याच्या अरण्याचे. पुण्या-मुंबईकडील आप्तेष्ट दिवाळीत किंवा नाताळात येतात आणि सामान उतरवितानाच ‘वाघ केव्हा दाखविणार?’ असे विचारतात. भेडाघाट मनात येईल त्या दिवशी दाखविता येतो. कान्ह्याचे तसे नाही. तेथे जाण्यास आगाऊ ठरविलेला दिवस लागतो, ठराविक फाटक लागते, प्रत्येकाचे नाव व ओळखपत्र लागते आणि ठराविक गाडीतील ठराविक आसनाचे तिकीट लागते. पाहुण्यांना हे चमत्कारिक वाटते. अरण्य सरकारचे, यजमान सरकारी अधिकारी, मग एवढा सायास कशासाठी, असा त्यांचा रोकडा सवाल असतो. हा सवाल वाटतो तितका साधा नाही. त्याच्या पोटात या प्रदेशाचा दीडशे वर्षांचा इतिहास दडलेला आहे, व तो आपणा मराठी मंडळींना अगदीच परका नाही.

नर्मदेच्या दक्षिणेस, बंजर आणि हालोन या नद्यांच्या खोऱ्यांत हे अरण्य पसरले आहे. बंजर मंडल्यापाशी नर्मदेस मिळते. मंडला ही गोंड राजांची राजधानी. 1742 मध्ये बाळाजी बाजीराव पेशव्यांची स्वारी मंडल्यावर झाली व तीत महाराजशाह हा गोंड राजा कामास आला. पुढे 1781 मध्ये सागरच्या मराठ्यांनी हे राज्य घेतले आणि त्या शतकाच्या अखेरीस मंडला नागपूरकर भोसल्यांकडे आला. 1818 मध्ये तो इंग्रजांच्या हाती गेला. मराठ्यांचा अंमल मुख्यतः किल्ल्यावर आणि महसुलावर होता. सालवृक्षांच्या त्या दाट रानात गोंड आणि बैगा आपल्या रीतीने राहत होते. रानात शिरण्यास परवानगी घ्यावी, ही कल्पनाच त्या काळी कोणास सुचली नसती.

ती कल्पना आली इंग्रजी अमदानीत, आणि ती वाघाच्या प्रेमापोटी आली नाही. 1861 मध्ये मध्य प्रांताची स्थापना झाली. त्याच सुमारास या प्रांतात वनखाते उभे राहिले. रेल्वेचे रूळ टाकावयाचे तर खाली स्लीपर हवेत, आणि स्लीपरसाठी सालासारखे लाकूड क्वचितच सापडावयाचे. मुंबईहून आणि अलाहाबादकडून आलेले रूळ 1870 मध्ये याच जबलपुरात एकमेकांस मिळाले. जंगल मोजून, हद्द घालून, राखीव करण्याची घाई कशासाठी होती हे त्यावरून ध्यानी यावे. बंजर खोऱ्यातील रान एकोणिसाव्या शतकातच राखीव झाले. बैगांची बेवर शेती, म्हणजे झाडे तोडून, जाळून, त्या राखेत बी फेकण्याची पद्धत, वनखात्याच्या दृष्टीने अपराध ठरली. 1890 मध्ये मंडला जिल्ह्यातील एक तुकडा ‘बैगाचक’ म्हणून अलग करण्यात आला व बेवर तेवढ्यापुरती मर्यादित झाली.

राखीव जंगलाबरोबर शिकारीचे परवाने आले. रानाचे विभाग पाडावयाचे, प्रत्येक विभाग ठराविक मुदतीकरिता एखाद्या शिकाऱ्यास द्यावयाचा, त्याने कोणती व किती जनावरे मारावी हे कागदावर लिहावयाचे आणि त्याबद्दल शुल्क घ्यावयाचे, अशी ती पद्धत होती. वाचकांस येथे एक गोष्ट जाणवली असेल. आजच्या तिकिटाचा सारा सांगाडा त्या परवान्यात तयार आहे. दिवस ठरलेला, क्षेत्र ठरलेले, संख्या ठरलेली, शुल्क ठरलेले. फरक इतकाच की परवानाधारकाच्या हाती तेव्हा बंदूक होती. तो मिळत असे तोही गोऱ्या अंमलदारांस, संस्थानिकांस आणि मोजक्या प्रतिष्ठितांस. त्या काळच्या शिकारी अधिकाऱ्यांत काही डोळस निरीक्षकही होते हे मान्य केले पाहिजे. ए. ए. डनबार ब्रँडर या वनाधिकाऱ्याने मध्य भारतातील वन्य प्राण्यांवरील आपले पुस्तक 1923 मध्ये प्रसिद्ध केले. कान्ह्याच्या कठीण भूमीवरील बारशिंग्यास शास्त्रज्ञांनी त्याचेच नाव जोडले आहे.

1933 मध्ये बंजर खोऱ्यातील सुमारे अडीचशे चौरस किलोमीटर क्षेत्र अभयारण्य म्हणून घोषित झाले व दोन वर्षांनी हालोन खोऱ्याचीही त्यात भर पडली. परंतु हालोनचे अभय फार दिवस टिकले नाही. हरणांमुळे सालाच्या रोपांची नासाडी होते अशी तक्रार झाली आणि लाकडाचा हिशेब प्राण्यांच्या हिशेबावर मात करून गेला. त्याहून उद्वेगजनक प्रकार स्वातंत्र्यानंतर घडला. 1947 ते 1951 या काळात एका राजकुळातील शिकाऱ्यास कान्ह्यात व त्याच्या आसपास वाघ मारण्याची विशेष सवलत मिळाली आणि सुमारे तीस वाघ पडले. केवळ सरकारी हुकुमाने दिलेले अभय दुसऱ्या सरकारी हुकुमाने काढून घेता येते हे त्या वेळी स्पष्ट झाले. अभयाला कायद्याचे पाठबळ हवे अशी मागणी जोर धरू लागली ती यातूनच.

तो कायदा 1955 मध्ये झाला. त्या वेळी मध्य प्रदेशाची राजधानी नागपूर होती. त्याच राज्याने त्याच वर्षी कान्हा आणि चांदा जिल्ह्यातील ताडोबा ही दोन्ही राष्ट्रीय उद्याने घोषित केली. पुढल्याच वर्षी, 1 नोव्हेंबर 1956 रोजी, राज्यांची पुनर्रचना झाली. विदर्भाबरोबर ताडोबा मुंबई राज्यात गेले व 1960 मध्ये महाराष्ट्राचे झाले. कान्हा नव्या मध्य प्रदेशात राहिले. जबलपुरास उच्च न्यायालय आले आणि नागपूरची कित्येक मराठी कुटुंबे दप्तरांबरोबर इकडे आली. सुटीत ताडोब्यास जाणारा नागपूरकर आणि कान्ह्यास जाणारा जबलपूरकर हे एकाच घरातून वाटणी होऊन निघालेल्या दोन भावांसारखे आहेत, असे म्हणावयास हरकत नाही.

या ठिकाणी एका विसंगतीचा उल्लेख केल्यावाचून पुढे जाता येत नाही. मंडला जिल्ह्यात अनेक वर्षे राहिलेल्या व्हेरिअर एल्विन यांनी 1939 मध्ये ‘द बैगा’ हा ग्रंथ लिहिला. त्यात त्यांनी अशी सूचना केली की बैगांसाठी एक प्रकारचे राष्ट्रीय उद्यान राखून ठेवावे व त्यात त्यांना आपल्या पद्धतीने जगू द्यावे. या सूचनेवर मोठी टीका झाली. माणसांना प्राणिसंग्रहालयात ठेवावयाचे काय, असे विचारले गेले. एल्विन यांनी पुढे आपले मत बदलले. अवघ्या सोळा वर्षांनी त्याच टापूत राष्ट्रीय उद्यान खरोखरच झाले. मात्र त्यातून बैगा आणि गोंड यांनाच हळूहळू बाहेर पडावे लागले.

असे का झाले हे समजावयाचे तर बारशिंग्याची हकीकत सांगितली पाहिजे. 1938 च्या सुमारास कान्ह्यात बारशिंगे तीन हजारांच्या आसपास असावेत असा अंदाज होता. 1963 ते 1965 या काळात जॉर्ज शॅलर हे अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञ येथे मुक्काम करून राहिले. हरीण आणि वाघ यांच्या परस्परसंबंधावरचा त्यांचा ग्रंथ 1967 मध्ये निघाला. त्या वेळी बारशिंगा झपाट्याने कमी होत होता. 1970 च्या गणनेत अवघे 66 उरले. हा प्राणी गवताचा. उंच गवतात तो पिले लपवितो. गुरांच्या चराईने आणि वणव्याने गवत गेले की त्याचा आसराच जातो. 1969 पासून उद्यानाच्या आतील गावे बाहेर हलविण्यास आरंभ झाला. सौंफ नावाच्या गावाची जागा मोकळी झाली, शेतांवर गवत वाढले आणि तेथेच बारशिंगा पुन्हा रुजला. काही बारशिंग्यांना कुंपणाच्या आत संरक्षण देऊन वाढविण्यात आले. आज त्यांची संख्या हजाराच्या घरात आहे व येथील बारशिंगे सातपुडा उद्यानातही नेऊन सोडण्यात आले आहेत. सौंफच्या कुरणात हरणांचा कळप पाहताना मन प्रसन्न होते. मात्र ते कुरण एका गावाचे शेत होते हेही मार्गदर्शकाकडून जाणून घ्यावे. वीसहून अधिक गावे अशी हलली. 2014 च्या सुमारासही काही बैगा कुटुंबांच्या स्थलांतरावरून वाद झाला. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि एकीने दुसरी खोडून निघत नाही.

1970 मध्ये देशात वाघाच्या शिकारीस बंदी आली, 1972 मध्ये वन्यजीव संरक्षण कायदा झाला आणि 1973 मध्ये व्याघ्र प्रकल्पाच्या पहिल्या नऊ क्षेत्रांत कान्ह्याची निवड झाली. आपल्याकडील मेळघाटही त्या नऊंतच होते. बंदूक गेली आणि कॅमेरा आला. आरंभी येणारे थोडे होते. आपली मोटार किंवा जीप घेऊन फाटकातून आत जाता येत असे. पुढे गर्दी वाढली. एका वाघाभोवती वीस-वीस गाड्या उभ्या राहू लागल्या. परवान्याचा प्रश्न नव्या रूपाने उभा राहिला. मारावयाची संख्या ठरविणे सोपे होते. पाहावयाची संख्या ठरविणे त्याहून अवघड ठरले.

हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. 24 जुलै 2012 रोजी न्यायालयाने व्याघ्र प्रकल्पांच्या गाभा क्षेत्रातील पर्यटन तात्पुरते बंद केले. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाची मार्गदर्शक तत्त्वे आली व बंदी उठली. गाभा क्षेत्राचा वीस टक्क्यांहून अधिक भाग पर्यटनासाठी वापरू नये, आणि रानाची वहनक्षमता पाहून गाड्यांची संख्या ठरवावी, असे त्या तत्त्वांचे सार. कान्ह्याचा गाभा सुमारे 940 चौरस किलोमीटरचा आहे. त्यातील थोडा भागच आपणांस का दिसतो आणि गाड्या मोजक्याच का, याचे उत्तर येथे आहे.

हे केवळ आपल्याच देशात घडले असे नाही. जगातील पहिले राष्ट्रीय उद्यान अमेरिकेत 1872 मध्ये यलोस्टोन येथे झाले व त्या देशात उद्यान म्हणजे आपल्या मोटारीने जावयाचे ठिकाण अशी समजूत रुजली. तेथेच अलास्कातील डेनाली उद्यानात 1972 पासून खाजगी मोटारी आरंभीच्या काही मैलांपलीकडे जाऊ देत नाहीत. पुढे बसनेच जावे लागते. युटामधील झायनच्या अरुंद दरीत मोटारींची इतकी कोंडी झाली की 2000 मध्ये तेथेही फेरीची बस सुरू करावी लागली. मोटारीवर जीव टाकणाऱ्या समाजाने जे सोसले ते सोसण्यास आपण कुरकुर करू नये.

आता व्यवहाराचे थोडे. जबलपुराहून मंडलामार्गे खटिया फाटक सुमारे 165 किलोमीटर आहे. पूर्वी नैनपूरकडे जाणारी छोटी गाडी हा या भागातील प्रवासाचा मोठा आधार होता. 2015 मध्ये जबलपूर-नैनपूर अरुंद मार्ग बंद झाला आणि आता त्यावरून मोठी गाडी धावते. पण कान्ह्यास जाणारे बहुतेक लोक रस्त्यानेच जातात. पहाटेची फेरी घ्यावयाची तर आदल्या रात्री फाटकाजवळच मुक्काम हवा. म्हणून क्रम असा ठेवावा: आधी दिवस व फाटक निश्चित करून तिकीट काढावे, मग निवास, मग वाहन. कित्येक जण याच्या उलट करतात. ते मुक्कीच्या बाजूस खोली घेतात व तिकीट मात्र खटियाचे मिळते. जबलपुराकडून खटिया सोयीचे. बालाघाट किंवा गोंदियाकडून येणाऱ्यांस मुक्की जवळ.

एका जिप्सीत सहा प्रवासी बसतात. चालक व मार्गदर्शक निराळे. संपूर्ण गाडीचा परवाना घेता येतो किंवा सामाईक गाडीतील एकेका आसनाचे तिकीट काढता येते. एकट्यादुकट्या अधिकाऱ्यास दुसरा मार्ग परवडतो. ज्या ओळखपत्रावर आरक्षण केले तेच मूळ पत्र बरोबर असावे. काकांच्या जागी मामा चालत नाहीत. बुधवारी दुपारची फेरी नसते. जुलै ते सप्टेंबर गाभा क्षेत्र बंद असते, म्हणून पावसाळी सुटीचा बेत तेथे करू नये. डिसेंबरात उघड्या गाडीत पहाटे गारठा असह्य होतो. पुण्याच्या पाहुण्यांस कांबळे घेण्यास आवर्जून सांगावे. आणि तिकीट मिळालेच नाही तर मंडल्याजवळ नर्मदाकाठी रामनगरचा मोतीमहाल आहे. सतराव्या शतकात हिरदेशाह या गोंड राजाने तो बांधला. ज्यांचे हे रान होते त्यांची ओळख तेथे होते.

शेवटी आपल्यासारख्यांसाठी एक गोष्ट. अधिकारपदावरील माणसास फाटकावर एखादी ओळख काढण्याचा मोह होतो. ‘साहेबांचे पाहुणे आहेत’ हे वाक्य आपल्या शासनात फार जुने आहे. त्याच वाक्याच्या बळावर पूर्वी शिकारीचे विभाग वाटले गेले, आणि तशाच एका सवलतीपायी 1947 नंतर तीस वाघ गेले. आसनाच्या तिकिटाचा खरा गुण हा की त्यावर हुद्दा लिहिलेला नसतो. आधी मागेल त्याला आधी मिळते. ज्यांनी या रानासाठी आपली गावे सोडली त्यांच्या मुलांपुढे मार्गदर्शक म्हणून तिकीट दाखविताना आपण रांगेतून आलो आहोत, एवढे तरी आपल्याला म्हणता आले पाहिजे.